स्नॅपशॉटमधून टेबल परत आणताना : चालू डेटाला धक्का न लावता

डेटाबेसमधले एखादे टेबल चुकून पुसले गेले किंवा अर्धवट अटीच्या अपडेटने बिघडले, की पहिला विचार येतो तो ‘रात्रीचा बॅकअप आहे, तो परत चढवू’ असा. हा विचार धोक्याचा आहे, कारण बॅकअपमध्ये रात्रीची स्थिती आहे आणि त्यानंतर त्याच टेबलात नव्या नोंदी आलेल्या असतात, जुन्या बदललेल्या असतात, काही रीतसर काढून टाकलेल्या असतात. जुना स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची एका क्षणाची प्रत, सरळ त्यावर चढवला, तर गेलेला डेटा येतो आणि असलेला जातो. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे : स्नॅपशॉट चालू टेबलावर कधीही थेट उतरवायचा नाही, तो आधी वेगळ्या जागी उभा करायचा, तिथे तपासायचा, आणि मग ज्या नोंदी खरोखर गेल्या किंवा बिघडल्या तेवढ्याच चालू टेबलात आणायच्या.

बोलणे मोघम राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. ‘ऑर्डर’ नावाचे टेबल आहे, त्याचे पालक टेबल ‘ग्राहक’ आणि अपत्य टेबल ‘ऑर्डर_तपशील’. स्नॅपशॉट पहाटे २ वाजताचा आहे, आणि सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी एका डिलीट क्वेरीने, अट चुकल्यामुळे, हजारो ऑर्डर पुसल्या. आता दुपारचे साडेबारा वाजले आहेत आणि अ‍ॅप्लिकेशन चालूच आहे. उदाहरणे मुख्यतः पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल यांची घेतली आहेत, पण विचाराचा क्रम इतर डेटाबेसनाही लागू पडतो.

आधी हात थांबवा

घाईत केलेली दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते. सर्वप्रथम ज्या स्क्रिप्टने किंवा जॉबने हे केले, ते पुन्हा चालणार नाही याची खात्री करा. शक्य असेल तर त्या टेबलावर लिहिणारा भाग तेवढ्यापुरता बंद ठेवा. संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन बंद करण्याची गरज बहुधा नसते. त्यानंतर घटनेची वेळ, चाललेली नेमकी क्वेरी आणि तिने किती नोंदींवर परिणाम केल्याचे सांगितले तो आकडा लिहून ठेवा. हा आकडा पुढे पडताळणीत सर्वांत उपयोगी पडतो, आणि टर्मिनल बंद झाले की तो परत मिळत नाही.

मग, विचित्र वाटले तरी, आत्ताच्या बिघडलेल्या स्थितीचाच एक ताजा स्नॅपशॉट घ्या. दुरुस्ती करताना हात चुकला, तर निदान ‘बिघडलेले पण ११:४२ नंतरच्या सगळ्या नोंदी असलेले’ टेबल तरी हाताशी राहते. त्याच वेळी जुने बॅकअप आपोआप पुसणारे वेळापत्रक थांबवा, आणि बदलांची नोंदवही, म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएलमधला वॉल किंवा मायएसक्यूएलमधला बिनलॉग, सुरक्षित जागी उचलून ठेवा. मायएसक्यूएल ८.० मध्ये बिनलॉग मूळ सेटिंगनुसार ३० दिवस टिकतात, पण जागा वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी ही मुदत कमी केलेली असते, त्यामुळे गृहीत धरू नका, पाहून घ्या.

बॅकअप नेमका कोणत्या क्षणाचा?

फाइलच्या नावावरची वेळ ही डेटाची वेळ असेलच असे नाही. पीजी_डंप या पोस्टग्रेएसक्यूएलच्या साधनाने घेतलेला डंप, आणि मायएसक्यूएलच्या मायएसक्यूएलडंपने ‘--सिंगल-ट्रॅन्झॅक्शन’ पर्यायासह घेतलेला इनोडीबी (मायएसक्यूएलचे नेहमीचे साठवण-इंजिन) टेबलांचा डंप, बॅकअप सुरू झाला त्या क्षणाची स्थिती दाखवतो. तो पूर्ण व्हायला तीन तास लागले तरी मधले बदल त्यात नसतात. याउलट मायएसक्यूएलच्या फाइलींचीच नक्कल करणाऱ्या पर्कोना एक्स्ट्राबॅकअपचा बॅकअप साधारणपणे तो संपताना जी स्थिती होती तिथपर्यंत पोचतो. मोठ्या डेटाबेसमध्ये हा फरक काही तासांचा होतो. शिवाय बॅकअपची वेळ बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणि अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमधली वेळ स्थानिक असते. दोन्ही एकाच घड्याळावर आणल्याशिवाय ‘हा बॅकअप घटनेआधीचा आहे’ असे म्हणू नका.

डिस्कच्या पातळीवरच्या स्नॅपशॉटबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. असा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल तेवढेच. डेटाबेस सुरू होताना नोंदवही वाचून स्वतःला सावरून घेतो, त्यामुळे तो वापरता येतो. पण डेटा एका डिस्कवर आणि वॉल दुसरीवर असेल, आणि दोन्हींचे स्नॅपशॉट काही सेकंदांच्या अंतराने घेतले असतील, तर हे सावरणे शक्य होईलच असे नाही. दोन्ही एकाच क्षणी घेतलेले हवेत.

आणि बॅकअप आहे हेही तपासून पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड-होस्टिंग कंपनीत मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा रोजचे पीजी_डंप बॅकअप तयारच होत नव्हते असे उघडकीस आले, डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि पीजी_डंप मात्र ९.२ चे चालत होते, आणि ते अपयशी ठरल्याच्या सूचनांचे मेल पोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने वेगळ्या कामासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम (लिनक्समधली डिस्क-व्यवस्था) स्नॅपशॉट उपयोगी पडला. गिटलॅबने हा सगळा तपशील स्वतः प्रसिद्ध केला, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला मनापासून वाटते.

वेगळी जागा उभी करणे

स्नॅपशॉट उतरवण्यासाठी स्वतंत्र सर्व्हर घ्या. डेटाबेसच्या फाइलींचा बॅकअप असेल तर मुख्य आवृत्ती तीच हवी; पोस्टग्रेएसक्यूएल १४ चा बेस बॅकअप, म्हणजे डेटाबेसच्या फाइलींची पूर्ण प्रत, १६ वर सुरू होत नाही. पीजी_डंपचा डंप मात्र नव्या आवृत्तीवर उतरवता येतो. डिस्कवर मूळ डेटाइतकी जागा पुरत नाही, कारण इंडेक्स बांधताना तात्पुरती जागा लागते आणि नोंदवहीही वाढत जाते. मी निदान दीडपट जागा ठेवतो.

क्लाउडमध्ये ही सक्तीच आहे. अ‍ॅमेझॉन आरडीएस या डेटाबेस सेवेत स्नॅपशॉट रिस्टोअर केला की नेहमी नवा इन्स्टन्स, म्हणजे नवा सर्व्हर, तयार होतो, जुन्यावर तो चढवता येत नाही. हा नवा इन्स्टन्स ‘तयार’ दिसू लागला तरी त्याचा डेटा मागे हळूहळू भरत असतो, आणि ज्या ब्लॉकला पहिल्यांदा हात लागतो तो त्याच वेळी आणला जातो. त्यामुळे मोठ्या टेबलावरची पहिली मोजणी फार सावकाश चालते. काहीतरी अडकले आहे असे समजून ती मध्येच तोडू नका.

या नव्या सर्व्हरचे बाहेरचे दरवाजे बंद ठेवा. पूर्ण डेटाबेस उतरवला की त्याबरोबर त्यातली वेळापत्रकेही येतात : मायएसक्यूएलचे इव्हेंट, पीजी_क्रॉनचे जॉब, लॉजिकल रेप्लिकेशनची सबस्क्रिप्शने (दुसऱ्या सर्व्हरचे बदल ओढून घेणाऱ्या जोडण्या). एखादा जॉब जागा झाला आणि त्याने जुन्या स्थितीवरून ग्राहकांना मेल पाठवले किंवा दुसऱ्या यंत्रणेकडे नोंदी ढकलल्या, तर दुरुस्तीच्या कामातून नवीच दुरुस्ती निर्माण होते. नेटवर्कच्या पातळीवर बाहेर जाणारी वाट बंद करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

टेबल बाहेर काढणे

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डंप कस्टम किंवा डिरेक्टरी स्वरूपात असेल, तर डंप उतरवणाऱ्या पीजी_रिस्टोअरला ‘--लिस्ट’ देऊन आधी आतली यादी एका फाइलमध्ये घ्या. अनेक जण इथे थेट ‘--टेबल’ पर्याय वापरतात आणि फसतात. पीजी_डंपमध्ये याच नावाचा पर्याय टेबलासोबत त्याचे इंडेक्सही घेतो. पीजी_रिस्टोअरमध्ये मात्र इंडेक्ससारख्या संलग्न गोष्टी येत नाहीत, आणि टेबलाच्या नावाला स्कीमाचे (टेबलांच्या गटाचे) नाव जोडूनही चालत नाही, त्यासाठी ‘--स्कीमा’ वेगळा द्यावा लागतो. म्हणून यादीच्या फाइलमधल्या नको त्या ओळी अर्धविराम लावून बंद करायच्या, टेबलाची रचना, डेटा, प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा कॉलम), इंडेक्स आणि सिक्वेन्स (पुढचा आयडी देणारा मोजक) यांच्या ओळी ठेवायच्या, आणि ती फाइल ‘--यूज-लिस्ट’ पर्यायाने द्यायची, हा मार्ग थोडा लांब असला तरी पक्का आहे. मोठ्या टेबलांसाठी ‘--जॉब्ज’ देऊन काम समांतर चालवता येते.

मायएसक्यूएलडंपच्या फाइलीबाबत दोन सापळे आहेत आणि दोन्ही चालू डेटा घालवू शकतात. पहिला, मूळ सेटिंगनुसार प्रत्येक टेबलाच्या आधी ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स’ लिहिलेले असते. ही फाइल चालू डेटाबेसवर चालवली की चालू टेबल त्याच क्षणी जाते. दुसरा, डंप ‘--डेटाबेसेस’ पर्यायाने घेतला असेल तर फाइलमध्येच ‘यूज’ची ओळ असते, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या डेटाबेसचे नाव देऊन ती चालवली तरी डेटा मूळ नावाच्या डेटाबेसमध्येच जातो. वेगळा सर्व्हर हवा, असा आग्रह धरतो तो यासाठीच. फाइल चालवण्यापूर्वी तिची सुरुवातीच्या शंभर ओळी डोळ्यांखालून घालाव्यात.

एक्स्ट्राबॅकअप असेल तर एकेक टेबल उचलण्याची सोय आहे. घेतलेला बॅकअप वापरण्याजोगा करण्याच्या ‘प्रिपेअर’ टप्प्यात ‘--एक्स्पोर्ट’ द्यायचे, वेगळ्या सर्व्हरवर तंतोतंत त्याच रचनेचे रिकामे टेबल बनवायचे, ‘डिस्कार्ड टेबलस्पेस’ करायचे, फाइली जागेवर ठेवून त्यांची मालकी दुरुस्त करायची आणि ‘इम्पोर्ट टेबलस्पेस’ करायचे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या बेस बॅकअपमध्ये अशी सोय नाही; तिथे पूर्ण क्लस्टर (सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) उभा करूनच टेबल मिळते. एसक्यूएल सर्व्हरमध्येही पूर्ण बॅकअप वेगळ्या नावाने उतरवावा लागतो. ओरॅकलमध्ये मात्र १२सी पासून आरमॅन या बॅकअप साधनाची ‘रिकव्हर टेबल’ आज्ञा हा सगळा खटाटोप स्वतः करते, आणि फ्लॅशबॅकची (डेटाची जुनी स्थिती परत देणाऱ्या सोयीची) मुदत उलटली नसेल तर बॅकअपपर्यंत जावेही लागत नाही.

पहाटे २ ते ११:४२ : मधले तास

आपल्या उदाहरणात फक्त स्नॅपशॉट आणला, तर पहाटे २ नंतर आलेल्या आणि ११:४२ ला पुसल्या गेलेल्या ऑर्डर मिळणार नाहीत. त्या हव्या असतील तर स्नॅपशॉटवर नोंदवही पुढे चालवावी लागते. हे वाक्य सोपे वाटते, पण प्रत्यक्षात सर्वाधिक काळजी इथे लागते.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यासाठी बेस बॅकअप आणि अखंड वॉल संग्रह हवा. पीजी_डंपवर वॉल चालवता येत नाही. आवृत्ती १२ पासून जुनी ‘रिकव्हरी.कॉन्फ’ फाइल गेली. आता सेटिंग मुख्य फाइलमध्ये लिहून डेटा डिरेक्टरीत ‘रिकव्हरी.सिग्नल’ नावाची रिकामी फाइल ठेवायची असते. ‘रिकव्हरी_टार्गेट_टाइम’मध्ये घटनेच्या थोडे आधीची वेळ द्या, आणि ती टाइमझोनसह द्या. इथे लक्षात ठेवायचे ते हे, की ही वेळ ट्रॅन्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा संच) कमिट, म्हणजे पक्के, झाल्याच्या वेळेशी ताडली जाते, क्वेरी सुरू झाल्याच्या नव्हे. ‘रिकव्हरी_टार्गेट_अ‍ॅक्शन’ मूळ सेटिंगनुसार ‘पॉज’ असते आणि ते तसेच राहू द्या : सर्व्हर त्या क्षणी थांबतो, फक्त वाचनासाठी खुला होतो, आणि तुम्ही आत डोकावून नोंदी मोजू शकता. अजून पुढे जायचे असेल तर वेळ वाढवून पुन्हा सुरू करता येते. पण एकदा घटनेच्या पलीकडे गेलात तर मागे येता येत नाही, बेस बॅकअपपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून नेहमी अलीकडून पलीकडे सरकावे : आधी ११:३५, मग ११:४०, मग ११:४१. त्या थांबलेल्या स्थितीतच पीजी_डंपने हवे ते टेबल बाहेर काढता येते.

मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएलबिनलॉग हे साधन वापरून बॅकअपच्या वेळी नोंदलेल्या स्थानापासून चुकीच्या डिलीटच्या आधीच्या स्थानापर्यंतचे बदल चालवायचे. वेळेपेक्षा स्थान देणे बरे, कारण एका सेकंदात अनेक ट्रॅन्झॅक्शने असतात आणि त्यातले नेमके एकच चुकलेले असते. ते स्थान शोधण्यासाठी ‘--बेस६४-आउटपुट=डीकोड-रोज’ आणि ‘--व्हर्बोज’ देऊन बिनलॉग वाचण्याजोग्या स्वरूपात उघडा.

तुलना

आता वेगळ्या सर्व्हरवर ११:४१ ची ‘ऑर्डर’ आहे आणि चालू सर्व्हरवर दुपारची. दोन्ही शेजारी ठेवण्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘परत_आणलेले’ अशी स्वतंत्र स्कीमा बनवून ‘कॉपी’ आज्ञेने डेटा तिथे भरावा. पीजी_रिस्टोअर टेबलाचे किंवा स्कीमाचे नाव बदलून देत नाही, त्यामुळे ‘कॉपी’ हाच सुटसुटीत मार्ग आहे. मायएसक्यूएलमध्ये त्याच सर्व्हरवर दुसऱ्या नावाचा डेटाबेस चालतो.

प्रायमरी की जुळवून पाहिल्यावर नोंदींचे तीन गट पडतात. फक्त परत आणलेल्या टेबलात असलेल्या नोंदी या पुसल्या गेलेल्या असतात, पण त्यातल्या काही ११:४२ नंतर अ‍ॅप्लिकेशनने रीतसर काढलेल्या असू शकतात. त्या परत आणल्या तर रद्द झालेल्या ऑर्डर पुन्हा जिवंत होतील. फक्त चालू टेबलात असलेल्या नोंदी नव्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. दोन्हीकडे असून वेगळ्या असलेल्या नोंदी हा अवघड गट. डिलीटच्या घटनेत तो लहान असतो आणि बहुतेक फरक दुपारच्या रीतसर कामाचे असतात. पण चूक अपडेटची असेल, तर बिघडलेला कॉलम आणि नंतर रीतसर बदललेले कॉलम एकाच नोंदीत एकत्र असतात, आणि तिथे पूर्ण नोंद न बदलता फक्त बिघडलेला कॉलम जुन्या किमतीवर आणावा लागतो.

फरक शोधताना साध्या ‘बरोबर नाही’ या चिन्हावर विसंबू नका, कारण एका बाजूला नल (म्हणजे किंमतच नसणे) असेल तर ती तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही, आणि ती नोंद निसटते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ आणि मायएसक्यूएलमध्ये, ‘नॉट’ जोडून, नल ओळखणारे ‘<=>’ हे चिन्ह वापरा. मधल्या काळात कॉलम वाढले किंवा त्यांचे प्रकार बदलले आहेत का, तेही दोन्ही रचना समोरासमोर ठेवून पाहा.

पहिल्या गटातल्या, नंतर रीतसर काढलेल्या वगळून उरलेल्या, नोंदींची संख्या आणि सुरुवातीला लिहून ठेवलेला ‘इतक्या नोंदी पुसल्या’ हा आकडा जुळला पाहिजे. जुळत नसेल तर फरकाचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

चालू टेबलात लिहिणे

क्रम पालकाकडून अपत्याकडे : आधी ग्राहक, मग ऑर्डर, मग ऑर्डर_तपशील. फॉरेन कीवर, म्हणजे अपत्य नोंदीला पालक नोंदीशी बांधणाऱ्या दुव्यावर, ‘ऑन डिलीट कॅस्केड’ असेल तर ऑर्डरसोबत तपशीलही गेलेला असतो, आणि क्वेरीने सांगितलेल्या आकड्यात तो मोजलेला नसतो. म्हणून ऑर्डरकडे बोट दाखवणारी सगळी टेबले कॅटलॉगमधून (डेटाबेसच्या स्वतःच्या यादीतून) शोधून काढा, आठवणीवर विसंबू नका.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नोंदी घालताना ‘इन्सर्ट’ला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडले, की आधीच असलेली नोंद तशीच राहते. मायएसक्यूएलमध्ये ‘इन्सर्ट इग्नोर’ वापरण्याचा मोह होतो, पण ते इतरही अनेक चुका केवळ इशाऱ्यावर सोडून देते. त्यापेक्षा ‘नॉट एक्झिस्ट्स’ची स्पष्ट अट घाला. ‘जनरेटेड ऑलवेज’ प्रकारचा आयडी कॉलम असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल जुना आयडी स्वीकारत नाही, त्यासाठी ‘ओव्हररायडिंग सिस्टिम व्हॅल्यू’ लिहावे लागते.

ट्रिगरचा, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडचा, विचार आधीच करा. नवी ऑर्डर आली की साठा कमी करणारा किंवा पावती पाठवणारा ट्रिगर असेल, तर परत आणलेल्या प्रत्येक ऑर्डरसाठी तो पुन्हा चालेल. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्या सेशनपुरते ‘सेशन_रेप्लिकेशन_रोल’ हे ‘रेप्लिका’ केले की ट्रिगर थांबतात, मात्र फॉरेन कीची तपासणीही अंतर्गत ट्रिगरनेच होत असल्यामुळे तीही थांबते. मायएसक्यूएलमध्ये ‘फॉरेन_की_चेक्स’ बंद करून पुन्हा सुरू केले, तरी मधल्या काळात आलेल्या नोंदी तपासल्या जात नाहीत. दोन्हीकडे अनाथ, म्हणजे पालक नोंद नसलेल्या, नोंदी शोधणारी क्वेरी स्वतः लिहून चालवावी लागते. मला विचाराल तर एकेक ट्रिगर नावाने बंद करणे आणि फॉरेन कीची तपासणी चालू ठेवणे हे अधिक शहाणपणाचे.

नोंदी काही हजार असतील तर सगळे एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये करा, कमिटपूर्वी मोजून पाहा आणि शंका आली तर रोलबॅक करा. लाखोंच्या घरात असतील तर तुकडे पाडा आणि कोणता तुकडा झाला ते एका छोट्या टेबलात नोंदत जा, नाहीतर लॉक लांबतील आणि रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या सतत ताज्या होणाऱ्या प्रती, मागे पडतील.

संपूर्ण टेबलच गेले असेल, तर परत आणलेले टेबल नाव बदलून जागेवर बसवता येते. पण बिघडलेले टेबल अजून अस्तित्वात असताना नावांची अदलाबदल केली, तर पोस्टग्रेएसक्यूएलमधले व्ह्यू आणि फॉरेन की नावाला नव्हे, तर मूळ वस्तूला चिकटलेल्या असतात. अ‍ॅप्लिकेशन नवे टेबल वाचते आणि व्ह्यू मात्र जुनेच दाखवत राहतो. अशा वेळी मी अदलाबदल टाळून नोंदीच हलवतो.

लिहून झाल्यावर

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सिक्वेन्स टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या मागे राहिली नाही ना ते पाहा आणि राहिली असेल तर ‘सेटव्हॅल’ने पुढे न्या; अन्यथा पुढची पहिलीच ऑर्डर प्रायमरी कीवर अडखळेल. ‘अ‍ॅनालाइज’ चालवा. नवे टेबल बसवले असेल तर परवानग्या पुन्हा द्या.

मायएसक्यूएलमध्ये जीटीआयडी (प्रत्येक ट्रॅन्झॅक्शनचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) सुरू असेल, तर मायएसक्यूएलडंप मूळ सेटिंगनुसार फाइलमध्ये बिनलॉग बंद करणारी ओळ घालतो. अशी फाइल चालू सर्व्हरवर वापरली, तर डेटा मुख्य सर्व्हरवर येतो पण रेप्लिकांपर्यंत पोचत नाही, आणि कोणतीही चूक दिसत नाही. डंप घेतानाच ‘--सेट-जीटीआयडी-पर्ज्ड=ऑफ’ द्या, आणि शेवटी नोंदींची मोजणी रेप्लिकावरही करा.

कॅश, शोधाचा इंडेक्स आणि अहवालांसाठीचा साठा यांत पुसलेल्या ऑर्डरची जुनी स्थिती राहिलेली असते. तेवढ्या आयडींची यादी काढून त्यांना पुन्हा भरायला सांगा. सगळे पुन्हा भरण्यापेक्षा ते लवकर होते.

वेगळा सर्व्हर लगेच मोडू नका. तक्रारी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात आणि तेव्हा मूळ नोंद पाहावी लागते. मात्र त्याला संपवण्याची तारीख आजच ठरवा, कारण त्यावर लोकांची खरी माहिती आहे आणि मुख्य सर्व्हरइतकी राखण तिथे नाही. ज्यांनी आपली माहिती काढून टाकायला सांगितली होती आणि ती काढली गेली होती, त्यांच्याही नोंदी जुन्या स्नॅपशॉटमध्ये असतात. पुसण्याच्या विनंत्यांची यादी वेगळी ठेवलेली असेल, तर चालू टेबलात लिहिण्यापूर्वीच ‘परत_आणलेले’ स्कीमातून त्या नोंदी गाळा, आणि मुदत संपली की सर्व्हर, त्याची डिस्क आणि मधल्या काळात बनवलेल्या सगळ्या ‘कॉपी’ फाइली एकत्रच काढून टाका.